फेटा फेकल्याची चौकशी

माझ्या दारावर पाटी नाही, तरी लोक विचारत विचारत येतात. कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला लांबूनच ओळखतो आणि बोट दाखवतो, "चौकशीवाल्या ताई ना? ते निळं फाटक." येणाऱ्याच्या हातात खाकी पाकीट असतं, चेहरा उतरलेला असतो आणि सोबत बहुधा बायको नाहीतर मेहुणा असतो. मी आधी पाणी देते, मग चहा टाकते आणि त्यानंतरच पाकीट उघडते. रिकाम्या पोटी दोषारोपपत्र वाचू नये, असा माझा नियम आहे.

मी वकील नाही. लातूरला कारकून म्हणून सरकारी नोकरीला लागले आणि नांदेडला अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं शिस्तभंगाच्या फायलींत गेली. दोषारोपपत्रांचे मसुदे मीच करायची. आता त्याच मसुद्यांतल्या फटी शोधते. आमचे हे म्हणतात, "आधी गाठी मारल्यास, आता सोडवत बस." ज्या दिवशी असं म्हणतात त्या दिवशी त्यांना दुसरा चहा मिळत नाही.

ज्यांना सरकारी नोकरीचा वारा लागलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कर्मचाऱ्यावर मोठा आरोप आला की विभागीय चौकशी लागते. ते न्यायालय नसतं, पण थाट तोच. न्यायाधीशाच्या जागी चौकशी अधिकारी, कार्यालयाची बाजू मांडायला सादरकर्ता अधिकारी, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या शेजारी बचाव सहाय्यक. हा सहाय्यक कुणी सहकारी किंवा माझ्यासारखा निवृत्त माणूस असतो. साक्षीदार येतात, उलटतपास होतो, अहवाल वर जातो आणि मग साहेब ठरवतात की नोकरी राहणार की जाणार.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार असतात. एकाने पहिल्याच भेटीत विचारलं, "चौकशी अधिकाऱ्याला आंबे चालतात का?" मी म्हटलं, चालतात, पण मग दुसरं दोषारोपपत्र येईल, त्याला मी येणार नाही. लोह्याचे एक ग्रामसेवक आपल्याच साक्षीदाराला एवढं पढवून घेऊन आले की नाव विचारल्यावरही तो म्हणाला, "मला आठवत नाही." त्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, ते हसू लपवायला होतं हे मला दिसलं.

पण दिवाळी अंकाने अनुभव लिहा म्हटल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो अमोल. नाव बदललंय, त्याला विचारून बदललंय. त्याने दोनदा विचारलं, "मग तो मीच राहीन ना?" मी हो म्हटल्यावर परवानगी दिली.

भर मे महिन्यात तो आणि त्याची आई कौशल्याबाई हदगावकडून एसटीने आले होते. आई घाबरीघुबरी. मुलगा तिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, दारातच थांबलेला. मी म्हटलं, "ये, बस." तो म्हणाला, "पंखा आवाज करतोय."

"तोंड आवर की रे!" आई कळवळून म्हणाली. "ताई, तुमी मनावर घेऊ नका. ह्याचं असंच हाय."

मी पंखा बंद केला. तो आत येऊन बसला. आम्ही तिघं घामाने निथळत दोषारोपपत्र वाचायला लागलो.

अमोलचे वडील एका सरकारी कार्यालयात कारकून होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपावर अमोल लागला. घरकुलाच्या फायली त्याच्या टेबलावर होत्या. त्या वर्षी त्या कार्यालयाचं काम वेळेआधी झालं म्हणून चार कर्मचाऱ्यांचा सत्कार ठरला, त्यात अमोलचंही नाव होतं. मंडप पडला, बँड आला, मोठे साहेब पाहुणे म्हणून आले. अमोलला फेटा बांधायला घेतला आणि त्याने तो अर्धवट बांधलेला फेटा डोक्यावरून ओढून भिरकावला. तो लागला समईला. समई कलंडली आणि तेल पाहुण्यांच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर.

आता यात मला हसू आलं हे कबूल करते. पण शेवटच्या पानावर 'सेवेतून काढून टाकणे प्रस्तावित' असं होतं, तिथे हसू थांबलं. खाली जुन्या गोष्टीही चिकटवल्या होत्या: साहेब आले की उभा राहत नाही, बोलताना नजर देत नाही, वाढदिवसाच्या केकला न थांबता निघून जातो. एकदा माणसाला काढायचं ठरलं की केकसुद्धा पुरावा होतो.

"का फेकलास?" मी विचारलं.

"घट्ट होता. कापड कडक होतं, टोचत होतं. बँड जवळ होता. फेटा बांधणाऱ्या शिपाई मारोतीमामांनी खांदे धरले होते."

"आधी कुणाला सांगितलं होतंस?"

"आदल्या दिवशी मोठ्या बाबूंना सांगितलं, मला सत्कार नको, फेटा नको. ते म्हणाले, लाजतोस काय पोरीवानी."

हे ऐकलं आणि मला सगळा प्रसंग डोळ्यांपुढे दिसला. आपल्याकडे सत्कार कुणी सरळ घेतो का? ज्याचा सत्कार तो मागे सरतो, चार जण त्याला पुढे ढकलतात. जो जितका मागे सरेल तितका तो सज्जन. जेवताना ताटावर हात आडवा धरला तरी पोळी पडते आणि त्यालाच प्रेम म्हणतात. मीही आयुष्यभर लोकांच्या ताटात अशाच पोळ्या टाकत आले. अमोल मागे सरला तेव्हा सगळ्यांना वाटलं, किती नम्र पोरगा! म्हणून त्याला आणखी घट्ट धरलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

अमोलचं काहीतरी वेगळं असावं, अशी मला शंका आली ती लातूरच्या एका बाईमुळे. मी तिथे असताना आमच्याकडे एक टंकलेखिका होती. तिच्या नकलेत अक्षरं आणि आकडे उलटसुलट व्हायचे. हुशार, कष्टाळू, पण कागद समोर आला की घाम फुटायचा. तिच्यावर निष्काळजीपणाचा आरोप झाला आणि चौकशी सुरू व्हायच्या आतच तिने राजीनामा दिला. तेव्हा आमच्यापैकी कुणाला त्या अडचणीचं नावही माहीत नव्हतं आणि कायद्यातही ते नव्हतं. पुढे २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्यात अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आला, मनाच्या आणि मेंदूच्या न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी आल्या. मी त्याची प्रत घेऊन मुद्दाम लातूरला गेले. ती आता क्लासच्या मुलांसाठी मेस चालवते, झकास वरण करते. प्रत हातात घेऊन म्हणाली, "ताई, तुम्हीच वाचून दाखवा." मी वाचलं. ती पोळ्या लाटता लाटता ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे आधी कुठं होतं?"

त्या वाचनात एक ओळ माझ्या मनात बसली होती. दिव्यांग माणसाला वाजवी सोय नाकारणं हाही भेदभाव, असं त्या कायद्याच्या व्याख्येतच आहे. म्हणजे हाकलून देणं, शिवी देणं एवढ्यालाच भेदभाव म्हणत नाहीत. पायऱ्या चढता न येणाऱ्याला उतार करून द्यायचा. तसंच ज्याला गोंगाट सोसत नाही त्याला शांत कोपरा द्यायचा, ज्याला तोंडी हुकूम उमगत नाहीत त्याला लिहून द्यायचे. जमण्यासारखं असून दिलं नाही, तर तो कायद्याचा भंग.

मी डॉक्टर नाही, म्हणून बेताने म्हटलं, "कौशल्याबाई, अमोलला एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवूया. मला वाटतं, त्याला..."

"स्वमग्नता," अमोल म्हणाला. "मला माहीत आहे. मोबाइलवर बघितलं. बरेच दिवस झाले."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

आई मात्र ताडकन उठली. "न्हाई ताई. येड्याचा शिक्का नको माझ्या लेकराला. मागं पोरगी हाय लग्नाची. लातूरचं स्थळ बघून राहिलो आमी. एकदा का कागद निघाला की समदीकडं बोभाटा. नोकरी गेली तर गेली, शेतात राबंल."

"मला शेतात जमत नाही," अमोल म्हणाला. "ऊन लागतं. मला फायली आवडतात."

ती दोघं तशीच गेली. माझा जीव चुटपुटत राहिला. या कायद्याची हीच गोम आहे. संरक्षण हवं असेल तर आधी चारचौघांत सांगावं लागतं की मी असा आहे, आणि सांगितलं की लोक ज्या नजरेने बघतात, तिच्यापासून वाचवणारं कलम अजून कुणी लिहिलेलं नाही.

थोड्या दिवसांनी अमोल एकटाच आला. मी धावत जाऊन पंखा बंद केला. त्याने विचारलं, "प्रमाणपत्राच्या अर्जावर सही माझी लागते की आईची?"

"तुझी. तू सज्ञान आहेस."

"मग मी करतो. पण आईला मी सांगणार. तुम्ही सांगू नका."

त्याने आईला काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. दवाखान्याच्या दिवशी कौशल्याबाई आल्या, पण तोंडाला पदर लावून लांबच्या बाकावर बसल्या, कुणी गावचं दिसेल म्हणून. आम्हाला खेपा बऱ्याच पडल्या. एक जण म्हणाले, "हा तर बोलतो, नोकरी करतो, हा कसला स्वमग्न?" मग एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिने घाई केली नाही. अमोलशी बोलली, आईला लहानपणचं विचारलं. कधी बोलायला लागला, खेळायचा कसा, कशाला घाबरायचा. मग विचारलं, "घरात आणखी कुणी असं होतं का?"

"न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "आमच्यात कुणी न्हाई असं." इतक्या झटकन म्हणाल्या की डॉक्टरीणबाईंनी मान वर करून बघितलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

प्रमाणपत्र मिळालं. मी ते चौकशीत दाखल केलं आणि सादरकर्ता अधिकारी उसळलेच. "हे घटनेनंतरचं आहे! पश्चातबुद्धी आहे ही." मी म्हटलं, "साहेब, कागद नंतरचा आहे, माणूस पहिल्यापासूनचा आहे. त्या दिवशी कार्यालयाला ठाऊक नव्हतं, मान्य. आज ठाऊक झालंय. आता शिक्षा केली, तर ती ठाऊक असून केलेली होईल."

चहाच्या वेळी तेच गृहस्थ कुतूहलाने मला म्हणाले, "पण बाई, अशा लोकांना काहीतरी खास देणगी असते म्हणतात. याला काय येतं? तारखा पाठ आहेत का?" मला जरा रागच आला. अमोलला काहीही खास येत नाही. तो इतर कारकुनांसारखाच कारकून आहे, कधी चुकतो, कधी फाइल हुडकत बसतो. नोकरी टिकवण्यासाठी आपल्यापैकी कुणाला चमत्कार करून दाखवावा लागत नाही, मग त्याने का दाखवावा? हे मी त्यांना तोंडावर म्हणाले. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते त्यातच पडलं.

मुख्य साक्षीदार होते मारोतीमामा, त्या कार्यालयाचे जुने शिपाई. पंचक्रोशीत फेटा बांधावा तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक. साक्षीला आले तेही फेटा बांधूनच. चौकशी अधिकारी कडक म्हणून नावाजलेले, वाक्य मध्येच तोडायचे. मी उलटतपासाला उभी राहिले.

"मामा, फेटा बांधताना अमोल काही म्हणाला?"

"हाव. सोडा म्हनला."

"किती वेळा?"

"लई डाव म्हनला की."

"मग सोडलं का नाही?"

मामा गोंधळले. चौकशी अधिकाऱ्यांकडे बघत म्हणाले, "साहेब, फेटा बांधताना समदेच नगं नगं म्हनतात. तुमाला बांधला तर तुमीबी म्हनाल. सोडला तर मानूस रुसतो, म्हनतो मारोतीनं माझा मान केला न्हाई. म्हनून मी गच्च धरतो. आजवर असंच बांधत आलो मी."

"आणि अमोल काय करत होता?"

"थरथरत होता," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "मला वाटलं, बापाच्या आठवनीनं पोराला भरून आलं. म्हनून मी आजूक जवळ धरलं त्याला."

इतक्या मायेने कुणावर अन्याय झालेला मी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. चौकशी अधिकाऱ्यांनी अमोलला विचारलं, "पाहुण्यांचा अपमान करायचा होता का तुम्हाला?"

"नाही. पाहुणे कुठे उभे होते ते मला दिसत नव्हतं. फेटा डोळ्यांवर आला होता."

"आता काय वाटतं?"

"तेल सांडायला नको होतं. तेलाचं मला वाईट वाटतं. फेटा काढल्याचं वाटत नाही."

मी कपाळाला हात लावला. रात्रंदिवस शिकवून कुणी इतकं घातक उत्तर देऊ शकलं नसतं. पण चौकशी अधिकारी पहिल्यांदाच वाक्य न तोडता ऐकत होते. त्यांनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात मारोतीमामा अमोलच्या जवळ गेले, खांद्यावर ठेवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. "पोरा, म्या काय करायला पायजे होतं रं?"

"विचारायचं," अमोल म्हणाला. "मग मी सांगतो ते खरं मानायचं."

"येवढंच?"

"एवढंच."

मी पाच-पंचवीस पानांचा लेखी बचाव दिला होता, कलमं टाकून. त्यात मला हे इतकं सोपं मांडता आलं नव्हतं.

अहवाल आला: अवमानाचा हेतू सिद्ध होत नाही. वरिष्ठांनी तो मान्य केला, आरोप वगळले आणि खाली सूचना जोडल्या. अमोलचं टेबल दारापासून दूर ठेवावं, कामं लेखी द्यावीत, समारंभाला बसण्याची सक्ती करू नये. उद्या नवीन साहेब आले की या सूचना फायलीत झोपू शकतात, हे मी इतकी वर्षं फायली सांभाळून चांगलं जाणते. अमोलला सांगून ठेवलंय, तसं झालं तर ये, वर दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते, तो रस्ताही मला ठाऊक आहे. लातूरचं स्थळ मात्र नंतर फोन उचलेना. अमोलची बहीण म्हणाली, आधीच कळलं ते बरं झालं. कौशल्याबाईंना ते तितकं सोपं गेलं नाही.

आदेश हातात पडल्यावर ती दोघं माझ्याकडे आली. शेतातली तूरडाळ आणली होती, पिशवी भरून. मी घ्यायला नाही म्हटलं, मग घेतली. कौशल्याबाई चहा संपवून पेल्याशी चाळा करत बसल्या. मला वाटलं, मुलीच्या लग्नाची फिकीर असेल.

"ताई," त्या म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईला मी खोटं बोलले. होतं एक जण."

"कोण?"

"ह्याचे वडील."

मी माझा पेला खाली ठेवला.

"लग्नात बँड लागला तर कानावर हात ठिवून मांडवामागं जाऊन बसले हुते. आमच्या मान्सांनी लई बोल लावले, नवरदेवाला पोरगी पसंत न्हाई म्हनून. मीबी तेच धरून बसले. एवढा संसार झाला, पन तो मानूस कधी तोंडाकडं बघून बोलला न्हाई माझ्याशी. मी आजारी पडले तर न बोलता पानी भरायचे, भांडी घासायचे, भाकरी थापायचे वाकड्यातिकड्या. मी म्हनायची, कामं कशाला करता, एक शबूद तर बोला! तर उठून भायेर जायचे. मला वाटायचं, मी आवडत न्हाई. ते मेले तवाबी माझ्या मनात तेच हुतं."

त्यांनी पदराने डोळे पुसले. अमोल कोपऱ्यात डाळीच्या पिशवीची गाठ सोडत होता.

"डॉक्टरीण एकेक विचारत हुती ना ह्याच्याबद्दल, तर मला म्होरं हा दिसत हुताच न्हाई. तेच दिसून राहिले हुते." त्या थांबल्या. "मेलेल्या मान्साचं सर्टिफिकेट निघतं का हो, ताई?"

"नाही निघत, कौशल्याबाई."

"नगं निघू दे. पन मला कळलं आता, हे कुनाला सांगू मी?"

कायद्यात शोधण्यासारखा तो प्रश्नच नव्हता.

अमोलने पिशवी बाजूला ठेवली. आईकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून तो म्हणाला, "मला सांग."